मैदानाचा नकाशा



खरगपूरच्या आयआयटीत वास्तुकला शिकताना पूजा राय यांनी अनाथालयातील मुले चपलांची रॅकेट करून बॅडमिंटन खेळताना पाहिली. पुढे बेंगळुरूत त्यांनी ‘अँटहिल क्रिएशन्स’ ही संस्था उभारली. जुन्या टायरांतून क्रीडांगणे घडवणारी ही मंडळी आराखड्याआधी मुलांनाच विचारतात. टायर स्वस्त पडतात हे खरेच; मला मात्र ते विचारणे अधिक मोलाचे वाटते.

आपल्या मैदानाच्या नव्या नकाशात वाहनतळ आहे, व्यासपीठ आहे. चौथीतील एकाही मुलाला आपण अद्याप विचारलेले नाही. समितीत मीही आहे, तेव्हा हा दोष माझाही. मंजुरीपूर्वी तो नकाशा त्यांच्या वर्गात न्यावा, एवढी माझी विनंती आहे.