खर्ज धरणाऱ्या बाया

(शहापूर येथे झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महिला गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मला प्रेरणा देणाऱ्या स्त्रिया’ असा विषय छापला आहे. काल सावित्रीबाईंबद्दल बोलणे झाले, आज सकाळी गोदावरी परुळेकरांबद्दल. ठाणे जिल्ह्यात गोदाताईंच्या पाठोपाठ बोलायला उभे राहायचे म्हणजे कठीणच. म्हणून मी वाट बदलते. मी एका वाद्याबद्दल आणि ते वाजवणाऱ्या बायकांबद्दल बोलणार आहे. त्या वाद्याला डबल बास म्हणतात.

नाव ऐकले नसेल, पण आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. जुन्या हिंदी सिनेमातले क्लबमधले गाणे आठवा. गाणारी गात असते आणि खालून कुणीतरी ‘धुम् धुम्’ असे चालत असते. ते हे वाद्य. दिसायला व्हायोलिनसारखे, पण जवळजवळ सहा फूट उंच. जमिनीवर टेकवून, त्याच्या मागे उभे राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचे. चार जाड तारा. त्यांवर गज फिरवायचा, नाहीतर बोटांनी त्या ओढायच्या. गजाने वाजणाऱ्या वाद्यांत सगळ्यांत खालचा सूर याचा.

तुमच्यापैकी भजनी मंडळातल्या बायांना हे लगेच कळेल. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक कशाला लावतात? आवाज खाली यावा, भरीव व्हावा म्हणून. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची असते. ती नीट लागली नाही तर गवई कितीही मोठा असो, गाणे उभे राहत नाही. ऐकणारे मात्र घरी जाताना गवयाचे नाव घेतात. तंबोऱ्यावर मागे कोण बसले होते हे कुणाच्या लक्षात नसते. ती पुष्कळदा त्याची शिष्या असते, दोन-दोन तास तार छेडत बसलेली.

आता माझ्या आवडत्या वादक बाईकडे येते. ओरिन ओब्रायन. अमेरिकेत हॉलिवूडमध्ये १९३५ साली जन्मली. आई आणि वडील दोघेही सिनेमातले नट. घरात सगळी चढाओढ लोकांनी आपल्याकडे बघावे यासाठी. या मुलीने निवडले ते मागच्या रांगेत उभे राहून वाजवायचे वाद्य. १९६६ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या नामवंत वाद्यवृंदात तिची निवड झाली. शंभराहून अधिक वादक, आणि कायमच्या जागेवर ही एकटी बाई. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्यांत तिच्या हाताबद्दल, सुराबद्दल किती आणि दिसण्याबद्दल किती, ते मी सांगायला नको. आपल्याकडे पहिली महिला सरपंच, पहिली महिला कंडक्टर यांच्या बातम्या कशा येतात ते तुम्ही वाचतच असता.

पंचावन्न वर्षे तिने त्या वाद्यवृंदात वाजवले. २०२१ साली निवृत्त झाली. तिच्या भाचीने तिच्यावर माहितीपट काढला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. त्यात ही बाई पुन्हा पुन्हा म्हणते की मला पुढे यायची हौस नाही, मला मागे राहून साथ करण्यातच आनंद आहे. भाची कॅमेरा घेऊन मागे लागलेली आणि आत्या म्हणतेय, माझ्यात बघण्यासारखे काय आहे?

मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते पटले नाही. आपण चळवळीतल्या बाया. ‘मागे राहण्यात आनंद’ हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत, आणि ते बहुतेक वेळा पुढे बसलेल्याच्या तोंडून. पण ओरिनच्या तोंडी ते वेगळे का वाटते याचा मी विचार करत राहिले, आणि आज तुमच्यापुढे तेच मांडायचे आहे.

तिची ती मागची जागा स्पर्धा देऊन मिळवलेली होती. त्या जागेला पगार होता, करार होता, वादकांची संघटना होती. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव छापले जात होते. तिच्या शेजारी उभा असलेला पुरुष तोच सूर वाजवत होता आणि त्यालाही कुणी ‘बिचारा मागे राहिला’ म्हणत नव्हते.

बाकीच्या बायकांना त्या जागा कशा मिळाल्या तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी साधारण १९७० नंतर निवडीच्या वेळी पडदा लावायला सुरुवात केली. उमेदवार पडद्याआड वाजवणार, परीक्षक फक्त ऐकणार. बुटाच्या टाचेच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी खाली गालिचा घालत. पडद्याने बायकांना घरात कोंडले हे आपल्याला ठाऊक आहे. इथे त्याच पडद्याने त्यांना दार उघडून दिले! आपल्या मुंबईचे झुबिन मेहता यांनी १९७० साली एका मुलाखतीत बायका वाद्यवृंदात असू नयेत असे म्हटले होते. पुढे १९७८ ते १९९१ ते याच न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे संगीत-दिग्दर्शक होते आणि त्यांच्यासमोर ओरिन तर होतीच, दरवर्षी आणखी बायका येत होत्या. २०२२ साली तिथे बायकांची संख्या पुरुषांपेक्षा एकाने जास्त झाली, पंचेचाळीस आणि चव्वेचाळीस. युरोपातल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर १९९७ सालापर्यंत एकाही बाईला सभासद करून घेतले नव्हते. तोवर आपल्याकडे पंचायतीत एकतृतीयांश बाया बसूही लागल्या होत्या. सुधारणा नेहमी तिकडून इकडे येते असे नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या संगीतात डबल बासच्या जवळ जाणारे वाद्य म्हणजे सुरबहार. सतारीसारखेच, पण मोठे आणि खर्जाचे. ते वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी आयुष्याची कितीतरी वर्षे मुंबईतच राहत होत्या. जन्म १९२७, मैहरचा. वडील बाबा अल्लाउद्दीन खाँ हेच गुरू. १९४१ साली रविशंकरांशी लग्न झाले. दोघांनी मिळून कार्यक्रम केले आणि १९५०च्या दशकात अन्नपूर्णादेवींनी जाहीर वाजवणे थांबवले ते कायमचे. त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले, की आपल्याला जास्त दाद मिळे ते नवऱ्याला रुचत नसे आणि संसार टिकवण्यासाठी आपण थांबलो. रविशंकरांचे म्हणणे, तिलाच लोकांसमोर वाजवायचे नव्हते. नवरा-बायकोत काय झाले याचा निवाडा मी करणार नाही. पण संसार टिकवायला वाद्य बाजूला ठेवायचे तर ते बायकोने ठेवायचे, हे कुणाला सांगावे लागले नाही एवढे दिसते. आणि संसारही टिकला नाही.

वाजवणे त्यांनी सोडले नाही. बंद दाराआड त्यांनी शिकवले. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर हे सगळे त्यांचे शिष्य. १९७७ साली पद्मभूषण मिळाले, २०१८ साली त्या गेल्या. आपल्याला ऐकायला उरले आहे ते अगदी थोडे, जुने ध्वनिमुद्रण. काही जण याला त्याग म्हणून हार घालतात. मला तसा हार घालवत नाही. त्यांची विद्या मी मानते आणि आपल्या कानांना जे मिळाले नाही त्याचा राग मला आहे.

तर दोघी खर्ज धरणाऱ्या. एकीने मागची जागा स्वतः निवडली, तिचा मोबदला घेतला. दुसरीच्या बाबतीत निवड कुठे संपली आणि दडपण कुठे सुरू झाले ते आज सांगता येत नाही. आपले बहुतेकींचे असेच असते, नाही का?

आपल्या पाड्यांवर बघा. तारपा पुरुष वाजवतो, बाया त्याच्याभोवती नाचतात. बाईच्या हातात तारपा मी पाहिलेला नाही. पण वारली लग्नात धवलेरी असते. लग्न लावणारी बाईच. ती गाते तेव्हा लग्न लागते, तिच्यावाचून अडते. आपल्या समाजात इतक्या ठिकाणी बाई मागे असताना ही एक जागा आहे जिथे बाईचा सूर हाच विधी आहे. तुमच्यात धवलेरीच्या लेकी-सुना असतील तर त्यांनी हे काम शिकून घ्या. शाळा शिकलो म्हणून ते सोडू नका.

आणि अंगणवाडी. मदतनीस पहाटे पाणी भरते, खिचडी शिजवते, पोरे गोळा करून आणते. सगळी योजना तिच्या खर्जावर उभी. तिला मिळते ते ‘मानधन’. पगार म्हटले की हक्क येतात, म्हणून शब्दच वेगळा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी ताई संपावर गेल्या तेव्हा खालचा सूर बंद पडल्यावर काय होते ते गावांना कळले. मुंबईच्या नळाला भातसा-तानसाचे पाणी जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तोही हाच हिशेब. जो खालून धरतो त्याला धरून चालायचे, म्हणजे गृहीत धरायचे.

आपल्या गटांतही हेच चालते. मोर्चाला पुढे दोघी-तिघी बोलतात. त्यांत मीही असते. सतरंज्या कोण घालते, बँकेत कोण जाते, रजिस्टर कोण लिहिते, मार खाऊन आलेल्या बाईला रात्री घरात कोण ठेवून घेते? ती ‘मला नाही बोलता येत’ म्हणते आणि आपण सोयीने ते खरे मानतो. कदाचित तिला खरेच बोलायचे नसेल. ओरिनला नव्हतेच. पण तिला विचारा तरी. आणि ती नाही म्हणाली तरी अहवालात तिचे नाव आले पाहिजे, एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी तिला मिळाली पाहिजे.

मी मोबाइलवर दोन तुकडे आणले आहेत. एक ओरिनच्या वाद्यवृंदाचा. दुसरा एस्पेरांझा स्पॉल्डिंगचा. ही आजची, एकट्या आईने वाढवलेली मुलगी, डबल बास वाजवता वाजवता स्वतःच गाते. २०११ साली तिला नव्या कलावंताचे ग्रॅमी मिळाले. ते ऐकून जेवायला उठू. जेवणानंतर गावागावाचे गट पाडून बसा आणि आपापल्या गटातली अशी कामे आणि ती करणाऱ्यांची नावे कागदावर लिहा. लिहिता येत नसेल त्यांनी सांगा, शेजारची लिहील. मुरबाडच्या बायांना लवकर निघायचे आहे, त्यांचे वाचन आधी घेऊ.