खरे सोवळे कोणते?

(ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा त्यांचा लोभ होय. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत, खडूफळ्याच्या संगतीत. म्हणून घरातील चूल, रांजण आणि पिठाचा डबा यांविषयीच बोलावयाचे आम्ही योजिले आहे. विषय लहान दिसतो खरा, परंतु त्याची फी आम्ही स्वतः भरलेली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी एकादशीचा दिवस. आमच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे, तरी उपवास कधी मोडला नाही. महाशिवरात्रीस दळून आणलेले भगरीचे पीठ डब्यात उरले होते. त्यास किंचित कोंदट वास येत होता. तो आमच्याही नाकास जाणवला. परंतु उपवासाचे पवित्र अन्न, त्यास काय होणार, असे म्हणून आम्हीच त्याच्या भाकरी करावयास सांगितले. तिन्हीसांजेस मातोश्रींना भोवळ आली, पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. रात्री तालुक्याच्या गावी नेले. सलाईन लावल्यावर तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, ही देवाची कृपा. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "गुरुजी, पीठ किती दिवसांचे होते?" आम्ही मान खाली घातली. तीस वर्षे आम्ही वर्गात आरोग्याचे नियम घोकून घेतले, आणि आमच्याच घरातील डब्याचे झाकण उघडून पाहिले नाही!

भगरीचे दाणे वा पीठ ओलसर हवेत राहिले की त्यावर बुरशी धरते. अ‍ॅस्परजिलस जातीची ही बुरशी फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये निर्माण करते, असे आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी जाहीर केले आहे. असे विष एकदा उत्पन्न झाले म्हणजे ते शिजविल्याने जाईलच असा भरवसा नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांस बाधा झाली, आणि रस्त्यावरच दोरीला बाटल्या टांगून सलाईन लावावे लागले. भगरीचाच काय दोष? 1995 साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक व आंध्राच्या काही खेड्यांत, अवकाळी पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी व मका खाऊन लोकांस पोटदुखी व जुलाब जडले. आपला जिल्हा तर ज्वारीवरच जगतो. तेव्हा भगर घ्यावी ती बंद पाकिटातील, तारीख पाहून. सुटे पीठ घेऊ नये. निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी आणि कोरड्या डब्यात ठेवावी. काळवंडलेले वा कोंदट धान्य स्वस्त मिळाले तरी ते महागच पडते.

आता जरा नाजूक गोष्टीस हात घालतो, त्याची क्षमा असावी. आपल्या आजोबांच्या काळी घराघरांत सोवळ्याचा मोठा कटाक्ष असे. स्वयंपाकघराचा उंबरठा कोणी ओलांडावा आणि पाण्यास कोणी शिवावे याचा काटेकोर विचार होई. याच विचारापायी कित्येक माणसांस पाणवठ्यावरून दूर सारले गेले, हा दोष आपल्याही ज्ञातीच्या माथी आहे. 1950 साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु एक प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही आणि आजही पुरेसा विचारीत नाही. शिवणाऱ्याचा हात *कोणाचा* हे आपण पाहिले. तो *धुतलेला* आहे काय, हे पाहिले नाही. जंतू जात विचारीत नाहीत. उच्च कुळातील नखांतही ते बसतात, आणि साबणाने धुतलेल्या कोणाच्याही हातावर त्यांचा निभाव लागत नाही. शौचाहून आल्यावर, लहान मुलाचे धुतल्यावर, कच्चे मांस हाताळल्यावर आणि पीठ मळण्यापूर्वी साबणाने हात धुणे, हेच खरे सोवळे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे सांगितली: स्वच्छता राखावी, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवावे, अन्न पुरते शिजवावे, ते योग्य तापमानात ठेवावे, पाणी व जिन्नस निर्धोक वापरावे. ही सूत्रे परकी वाटू नयेत. रानात जाणारा आपला माणूस फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून नेतो, भात नेत नाही. साखर कारखान्यांच्या फडावर जाणाऱ्या आपल्या ऊसतोड भगिनी पहाटे अंधारात कोपीपुढे भाकरी थापतात, ती दुपारपर्यंत टिकते. कोरड्या अन्नात जंतू सहज वाढत नाहीत, हे शहाणपण त्यांस कोणत्या पुस्तकाने शिकविले?

याउलट आपली लग्नकार्ये पहा. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. भात सकाळी दहास उतरतो, मुहूर्त टळतो, वरात रेंगाळते, आणि पंगत बसते तीनला. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. भातातील काही जंतूंची बीजे शिजविल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा ऊन केल्यानेही जात नाही. हाताला गळू असलेल्या माणसाने बासुंदी ढवळली तरी असाच अनर्थ होतो. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत वाढावे, नाहीतर वाफाळते ठेवावे. उरल्यास लवकर निववून शीतकपाटात ठेवावे. ते नसेल तर बेताचेच रांधावे. टँकरचे पाणी उकळून वा क्लोरिनने शुद्ध करून प्यावे, आणि रांजणात हात न बुडविता लांब दांडीच्या ओगराळ्याने काढावे.

पुरुष मंडळींनी हा बायकांचा विषय म्हणून डुलक्या घेऊ नयेत. बाजार करतो कोण? कपाशीवर फवारणी करतो कोण? 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस नावाचे कीटकनाशक उतरले होते. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही शाळेतील खिचडीचा पहिला घास चाखताना आमचा हात थरथरला. फवारणीचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, धान्य वा पाणी भरू नये. तो डबा घरात आणूच नये.

आता हे शिकवावे कसे? उपदेशाने नव्हे, हा आमचा अनुभव. आम्ही वर्गात एका मुलाच्या तळहातास तेलात कालवलेली हळद लावीत असू आणि त्याच्या हातून पेला, पाटी, दाराची कडी फिरवीत असू. घटकाभरात निम्म्या वर्गाचे हात पिवळे होत. "जंतू असेच फिरतात, फक्त ते पिवळे नसतात," एवढे वाक्य पुरे होई. मग तीच मुले घरी जाऊन आजीचे हात धुववीत. सुनेने सासूस सांगितले तर तंटा होतो. नातवाने सांगितले तर कौतुक होते.

एवढे करूनही कोणास जुलाब-उलट्या झाल्याच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचे चहाचे) घालून ते पाणी घोटघोट पाजीत राहावे आणि दवाखाना गाठावा. म्हातारे व तान्हे यांच्या बाबतीत उद्यावर ढकलू नये.

शेवटी एकच विनंती. ज्ञातीच्या प्रत्येक कार्यात एका जबाबदार माणसाने अन्न केव्हा उतरले याची वेळ लिहून ठेवावी, आणि हात धुण्याची जागा साबणासह मांडवाच्या तोंडाशीच असावी. अहेर थोडा कमी झाला तरी चालेल, पण पाहुणा आपल्या घरून आजारी होऊन जाऊ नये.

मातोश्री आज हयात नाहीत. त्या आजारानंतर पुढे अनेक वर्षे त्या आमच्यात होत्या. प्रत्येक एकादशीस पीठ मळण्यापूर्वी त्या डबा आमच्यापुढे सरकवीत आणि म्हणत, "गुरुजी, आधी वास घ्या." आमच्या साऱ्या नोकरीत एवढा नेमका धडा आम्हांस कोणी दिला नाही. तोच आपल्या हाती सोपवून आम्ही आपली रजा घेतो.