संपात अत्यावश्यक, पगारात मानसेवी

(भातकुली येथे अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि शेतमजूर स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मघापासून बघतेय, भिंतीकडच्या सतरंजीवर सेविका आणि मदतनीस बसल्यात आणि दाराजवळ निंदणाचा रोज बुडवून आलेल्या बाया. मध्ये रिकामी जागा आहे. ती कोणी ठरवून सोडली नाही हे मला माहीत आहे. पण ती का पडली हेही तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आज तिथूनच बोलते.

11 सप्टेंबर 2017 पासून राज्यभर अंगणवाडीचा संप झाला, जवळजवळ महिनाभर चालला. मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडले होते, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी ताजी होती. पत्रकं घेऊन खारपाणपट्ट्यातल्या गावागावांत फिरत होते. एका गावात हँडपंपापाशी एक बाई मला म्हणाली, "तुमी संपाले टाया वाजवता बाई, पन माह्या लेकराले खिचडी कोन देईन? मी वावरात जाऊ का त्याले घेऊन घरी बसू?" मी तिला मोर्चाच्या घोषणांतलंच काहीतरी सांगितलं. तिने कळशी उचलली आणि ती निघून गेली. दोन वर्षं शिकलेलं एकही वाक्य त्या वेळी कामी आलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढे पाच वर्षं लागली, आणि तेही कोर्टाच्या एका निकालात सापडलं. तिथवर येतेच.

आधी पैशाचं बोलू. ही योजना आपल्याला परकी नाही. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात पहिले 33 प्रकल्प निघाले, त्यांत आपल्याच जिल्ह्यातली धारणी होती. तेव्हापासून सरकारी कागदावर सेविका 'मानसेवी' आहे. पगार नाही, मानधन. शब्द मोठा गोड आहे. मान द्यायचा, म्हणजे धन मोजावं लागत नाही.

2014-15 मध्ये केंद्राच्या अंदाजपत्रकात या योजनेसाठी 18 हजार कोटींच्या वर तरतूद होती. 2015-16 मध्ये ती निम्म्याहूनही खाली आली. कारण असं दिलं गेलं की चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातला वाटा 32 वरून 42 टक्के केला आहे, आता राज्यांनी बघून घ्यावं. ऐकायला रास्त वाटतं. पण वाढलेला वाटा राज्याने अंगणवाडीवरच खर्च करावा असं बंधन कुठे होतं? रस्ता बांधला तर उद्घाटनाचा फोटो निघतो, उसळीच्या वाटीचा निघत नाही. त्या कपातीविरुद्ध विरोधी पक्ष बोललेच, पण स्वतः महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनीही नाराजी उघड बोलून दाखवली. पुढे पुरवणी मागण्यांतून काही रक्कम परत आली. घरात कशी पहिली काटकसर बाईच्या ताटातून होते आणि मग पाहुणा आला की डबा उघडतो, तसंच.

केंद्राने सेविकेचं मानधन 3,000 वरून 4,500 केलं ते 1 ऑक्टोबर 2018 पासून. 2025 पर्यंत तो आकडा जागचा हलला नव्हता. मधल्या काळात जे वाढलं ते राज्याने वाढवलं, आणि राज्याने वाढवलं ते बाया रस्त्यावर बसल्या म्हणून. 4 डिसेंबर 2023 पासून पुन्हा दीड महिन्याहून जास्त दिवस संप झाला. नागपूरच्या अधिवेशनावर गेलेल्यांपैकी काही इथे बसल्या आहेत, त्यांना मी काय सांगू?

आता 2018 च्या मार्चची गोष्ट. सरकारने अंगणवाडीला 'मेस्मा' लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा. संप केला तर गुन्हा. मला तर हसूच आलं होतं. पगार मागितला की ही बाई स्वयंसेवक, आणि काम थांबवलं की तिच्यावाचून राज्य चालत नाही! विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, आणि सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेचे आमदारही त्यांत होते. मुख्यमंत्र्यांना मेस्माला स्थगिती द्यावी लागली. यातून आमदार फार कनवाळू असतात असा अर्थ काढू नका. सहा महिन्यांपूर्वीचा संप प्रत्येक मतदारसंघातल्या गावागावाने पाहिला होता, म्हणून सभागृहात आवाज चढला.

याची दुसरी बाजूही पाहा. 23 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत तीन कामगार संहिता मंजूर झाल्या, तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता, बाकं रिकामी होती. खासदारांच्या निलंबनाचा राग मला समजतो. पण कोट्यवधी कामगारांच्या संपाच्या हक्कावर, सामाजिक सुरक्षेवर मत पडत असताना आपल्या बाजूने बोलणारं आत कोणी नव्हतं, हे मला आजही पटत नाही. त्या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत.

सभागृहात विरोध करायची एक रीत तुम्हाला सांगते. लोकसभेत एखाद्या खात्याच्या मागणीवर तक्रार मांडायची तर खासदार 'कपात सूचना' देतो: या खात्याचे शंभर रुपये कमी करा. धोरणच नापसंत असेल तर म्हणतो, सगळी रक्कम एक रुपयावर आणा. शंभर रुपयांना काही किंमत नसते, पण त्या निमित्ताने मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. मात्र चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच एकदम मताला टाकतात. आपलं खातं त्या ढिगात जाऊ नये, तर कोणाला तरी आधीपासून टोचत राहावं लागतं.

आता हँडपंपावरच्या बाईचं उत्तर.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा हक्क केला. मेहरबानी नाही, हक्क. पण तो आहार शिजवणाऱ्या-वाढणाऱ्या बाईचा हक्क त्यात लिहिलेला नव्हता. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या एका खटल्यात म्हटलं होतं की सेविकेचं पद हे सरकारी पद नव्हे. मग 25 एप्रिल 2022 ला गुजरातच्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, मानधन हे वेतनच आहे. कशाच्या जोरावर? तर 2013 च्या कायद्याने आई आणि मुलाला आहाराचा हक्क दिला, तो पोचवण्याचं कायदेशीर काम या बाया करतात, म्हणून त्यांचं पदही कायद्याने आलेलं आहे.

दाराजवळच्या मैत्रिणींनो, नीट ऐका. तुमच्या लेकराच्या खिचडीच्या हक्कावर सेविकेची ग्रॅच्युइटी उभी राहिली आहे. आणि भिंतीकडच्या मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका. तुमचा खटला या बायांच्या पोरांच्या ताटावरून जिंकला गेला. म्हणून पुढचा संप ठरवताना आयांना आठ दिवस आधी सांगा. त्या काळात लेकरं कोण सांभाळणार, शिधा कुठे शिजणार, याची बैठक त्यांच्यासोबत घ्या. गेल्या दोन्ही वेळी आपण हे केलं नाही. मीही नाही केलं.

आता काम. अधिवेशनात तारांकित प्रश्न हवा असेल तर आमदाराला तो बराच आधी द्यावा लागतो, म्हणून घाई आहे. मी एक कागद लिहून आणलाय. त्यात तीनच प्रश्न आहेत: भातकुली तालुक्यात सेविका-मदतनिसांची किती पदं रिकामी आहेत, आहाराचे पैसे किती महिने थकले, आणि निवृत्त झालेल्या किती जणींना ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष मिळाली. तो वाचून दाखवते. काही चुकलं असेल तर इथेच दुरुस्त करू. मग सह्या करा. एका ओळीत एक सेविका आणि तिच्याच अंगणवाडीतली एक आई, अशी जोडीने सही हवी. अंगठ्यासाठी शाईची डबी आहे. त्याकरता दाराजवळच्यांना जरा आत सरकावं लागेल.