गरजवंताला अक्कल नसते: ड्राफ्टच्या आधी थोडंसं

शुक्रवारी, म्हणजे 25 एप्रिल 2025 ला, पहाटे साडेपाचचा अलार्म लावून ठेवा. अमेरिकेत तेव्हा गुरुवारची रात्र असेल आणि विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट सुरू होत असेल. तीन दिवस, सात राउंड, 257 पिक्स.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आयपीएलच्या ऑक्शनसारखी इथे बोली लागत नाही. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली, ती कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांमधून पहिला प्लेअर उचलते. पोराला निवड नाही. ज्यांनी नाव घेतलं त्यांच्याकडे जायचं, पहिलं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं. म्हणजे कॅम्पस प्लेसमेंटला बसलात, पण कंपनीला नाही म्हणायची सोयच नाही, असं समजा.

ड्राफ्टच्या आधी सगळीकडे एकच चर्चा असते: कुठल्या टीमला कशाची गरज आहे आणि ती गरज कोण भागवेल. याला क्वार्टरबॅक हवा, त्याला रिसिव्हर हवा. जागा रिकामी, पोरगा हजर, विषय संपला. मला हे गणित पटत नाही. का ते सांगायला सात वर्षं मागे जातो.

2018 चा ड्राफ्ट. पहिले तीन पिक्स बघा. एक नंबर: ब्राउन्सने क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड घेतला. दोन नंबर: जायंट्सने रनिंग बॅक सेक्वान बार्कली घेतला. तीन नंबर: जेट्सने क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड घेतला. तिघांपैकी एकही आज त्या टीममध्ये नाही. आणि 2024 च्या सीझनमध्ये या तिघांनी काय केलं? मेफिल्डने टॅम्पा बेसाठी 41 टचडाउन पास टाकले. डार्नॉल्डच्या हाताखाली मिनेसोटाने 14 मॅचेस जिंकल्या. बार्कलीने फिलाडेल्फियासाठी 2005 यार्ड्स पळून काढले आणि फेब्रुवारीत सुपर बोलही जिंकला.

म्हणजे पोरं चांगलीच होती. स्काउट्सचं चुकलं नव्हतं. मग बिघडलं कुठे?

मेफिल्डला ब्राउन्सकडे चार सीझनमध्ये चार हेड कोच मिळाले, त्यातला एक हंगामी. तरी त्याने 2020 ला टीमला प्लेऑफमध्ये नेऊन एक मॅच जिंकून दिली. डार्नॉल्डचा कोच एका वर्षात बदलला आणि तीन सीझननंतर तो स्वतःच बाहेर. बार्कली आला तेव्हा जायंट्सचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग 37 वर्षांचा होता आणि समोरची ऑफेन्सिव्ह लाइन कच्ची. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे बॉल हातात असलेल्या माणसापुढची पाच धिप्पाड गड्यांची भिंत. भिंतच नसेल तर मागचा कितीही भारी असो, तो मार खाणारच. बार्कली पहिल्या वर्षी रूकी ऑफ द इयर झाला, तरी टीम 5-11. तोच माणूस फिलाडेल्फियात जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सनच्या मागे पळाला आणि काय झालं ते आपण बघितलं.

हे मला जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या नोकरीत वर्षभरात तीन मॅनेजर बदलले. प्रत्येकाने आधीच्याचं काम मोडीत काढलं आणि अप्रेझलला माझ्या नावापुढे ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असं आलं. पुढच्या ठिकाणी तोच मी, तोच कोड, आणि सगळं सुरळीत. तेव्हापासून कोणाला ‘बस्ट’ म्हणायच्या आधी मी थांबतो.

आता उलट बाजू. त्याच 2018 मध्ये बफेलोने सातव्या नंबरवर जॉश ॲलन घेतला आणि बाल्टिमोरने 32 व्या नंबरवर लमार जॅक्सन. दोघेही अजून तिथेच आहेत, दोघेही एमव्हीपी झालेत. बफेलोने ॲलनला पहिली चार वर्षं एकच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर दिला, 2020 ला स्टेफॉन डिग्जसारखा रिसिव्हर आणून दिला. बाल्टिमोरने तर जॅक्सनच्या पायांना शोभेल असा अख्खा ऑफेन्सच नव्याने बांधला.

तर या चष्म्यातून यंदाच्या टीम्स बघू.

एक नंबर, टेनेसी टायटन्स, 3-14. गरज क्वार्टरबॅकची, आणि सगळे म्हणतायत मायामीचा कॅम वॉर्ड. या पोराची गोष्ट मस्त आहे. शाळेत असताना मोठ्या कॉलेजांनी ढुंकून पाहिलं नाही, कारण त्याच्या शाळेची टीम पासच फारसे टाकायची नाही. इन्कार्नेट वर्ड नावाच्या छोट्या कॉलेजातून सुरुवात, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि मागच्या वर्षी 39 टचडाउन पास. मला हा पिक पटतो, कारण टायटन्सने मार्चमध्येच डॅन मूर आणि केव्हिन झाइट्लर असे दोन लाइनमन आणलेत. भिंत आधी, माणूस नंतर. भिंत किती टिकते ते कळेलच, पण क्रम बरोबर आहे.

दोन नंबर, क्लीव्हलंड ब्राउन्स, तेही 3-14. आपल्याकडे म्हणतात ना, गरजवंताला अक्कल नसते, त्याचं हे जिवंत उदाहरण. 2022 ला यांनी तीन फर्स्ट राउंड पिक्स देऊन डेशॉन वॉटसन आणला, वर 230 मिलियन डॉलर्स पूर्ण गॅरंटीड. आता तो जखमी, पैसे अडकलेले आणि क्वार्टरबॅकची जागा पुन्हा रिकामी. अशा घरात दोन नंबरचा क्वार्टरबॅक घालणं म्हणजे मेफिल्डची फाइल पुन्हा उघडणं. त्यापेक्षा कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर घ्या, किंवा पेन स्टेटचा अब्दुल कार्टर. हंटर रिसिव्हर पण आहे आणि कॉर्नरबॅक पण. दोन्हीकडून खेळून त्याने हाइझमन ट्रॉफी जिंकलीय.

तीन नंबर, जायंट्स. हो, तेच बार्कलीवाले. मला खरी भीती इथे वाटते. मालकांनी जानेवारीत कोच आणि जीएम दोघांना ठेवलं, पण संयम संपत आलाय हेही जाहीर बोलून दाखवलं. नोकरी टांगणीला लागली की माणूस दूरचं बघत नाही. रसेल विल्सन आणि जेमिस विन्स्टन घेऊन झालेत, तरी शेडूर सँडर्सचं नाव इथे येतंच. सँडर्सचे पास अचूक आहेत, मागच्या सीझनला 74 टक्के पूर्ण झाले. पण कोलोरॅडोत दोन सीझनमध्ये तो 94 वेळा सॅक झाला. काही लाइनमुळे, काही बॉल जास्त वेळ हातात धरल्यामुळे. त्याला शांतपणे शिकवणारी टीम हवी. जिथल्या कोचलाच पुढच्या वर्षाची खात्री नाही, तिथे तो जाऊ नये, असं मला त्याच्यासाठी वाटतं.

चार नंबर, पेट्रियट्स. यांनी सीझनची शेवटची मॅच जिंकली आणि हातातला पहिला नंबर घालवला! पण यांच्याकडे ड्रेक मे आहे, मागच्या वर्षीचा तीन नंबरचा क्वार्टरबॅक, आणि त्याच्यासमोरची भिंत पडकी. एलएसयूचा विल कॅम्बेल तीन वर्षं लेफ्ट टॅकल खेळलाय. कम्बाइनमध्ये त्याचा हात 33 इंचांपेक्षा किंचित कमी भरला, म्हणून लोक नाकं मुरडतायत. मी असतो तर डोळे झाकून घेतला असता. मे कडे तीन वर्षांनी ‘वाया गेला’ म्हणून बघायचं नसेल, तर आत्ताच खर्च करा.

आणि सहा नंबर, रेडर्स. रनिंगमध्ये मागच्या सीझनला लीगमध्ये शेवटचे, आणि समोर बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी, 2601 यार्ड्सवाला. गरज आणि पोरगा अगदी जुळतात. पण बार्कलीचं फिलाडेल्फियातलं वर्ष बघून भुलू नका, त्याची न्यू यॉर्कमधली सहा वर्षंही बघा. मोह आवरत नसेल तर घ्या, पण लाइनसाठी पुढचे पिक्स राखून ठेवा.

शुक्रवारी नाव पुकारलं की पोरगा टोपी घालेल, आई रडेल, कमिशनर मिठी मारेल. तेव्हा तीन गोष्टी तपासा: कोच पुढच्या वर्षी असेल का, समोर भिंत आहे का, आणि चुका करायला वेळ मिळणार आहे का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तीन वर्षांनी त्या पोराला बस्ट म्हणताना जरा दमाने घ्या.

तुमच्या टीमने कोणाला घ्यावं वाटतं, व्हॉइस नोट पाठवा. ड्राफ्ट झाला की पुढच्या एपिसोडमध्ये माझे किती अंदाज तोंडावर आपटले ते मोजू. तोपर्यंत काळजी घ्या, बाय!