वारा, व्होल्ट आणि सात घरं



ज्यांनी सायकलवर दिवस काढले आहेत, त्यांना डायनामो आठवत असेल. चाकाला टेकवलेली ती बाटलीसारखी छोटी डबी. चढाला दिवा मिणमिणायचा, उताराला झगझगायचा आणि सायकल थांबली की अंधार. वीज तयार करण्याचं सगळं शास्त्र त्या डबीत होतं. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलला की तारेत वीज उभी राहते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं. चुंबक जितक्या वेगानं हलेल, तितका विजेचा दाब जास्त. त्या दाबालाच आपण व्होल्टेज म्हणतो. पाय मारण्याऐवजी वाऱ्यानं डायनामो फिरवला की झाली पवनचक्की.

एवढं सोपं असेल तर प्रत्येक गच्चीवर एकेक पवनचक्की का दिसत नाही? वीज तयार होणं आणि घरात दिवा लागणं, या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. ते अंतर मी एका घरगुती पवनचक्कीच्या निमित्तानं जवळून पाहिलं. आज त्याविषयी बोलणार आहे.

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. विजेच्या वाटेला जाण्याचं मला काही कारण नव्हतं. कारण झाला माझा भाचा. २००८ साली तो राधानगरी तालुक्यात पश्चिमेकडच्या डोंगरावर एका धनगरवाड्यावर शिक्षक होता. वाड्यावर सात घरं. विजेची तार तिथं पोहोचली नव्हती. आम्ही शहरात भारनियमनाच्या नावानं ओरडत होतो, पण त्या लोकांना भारनियमन हा शब्दच माहीत नव्हता. सौरदिवे होते, ते उन्हाळ्यात छान चालायचे. जूनमध्ये ढग उतरले की पुढचे तीन-चार महिने सूर्य जवळजवळ गायब. साप-विंचू निघण्याचे, रात्री-अपरात्री गुरांकडे उठण्याचे दिवस तेच, आणि दिवा विझण्याचे दिवसही तेच. तिथली एक म्हातारी भाच्याला म्हणाली होती, "मास्तर, उजेड असला की निदान पाय कुठं ठेवायचा त्ये तरी कळतंय."

भाचा एका रविवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, पावसाळ्यात तिथं सूर्य नसतो, पण वारा उभं राहू देत नाही. मग वाऱ्यावर दिवा का लागू नये?"

प्रश्न बिनतोड होता. सह्याद्रीच्या माथ्यावर जोराचा वारा असतो तो पावसाळ्यातच. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, ती याच वाऱ्याच्या भरवशावर. त्याही आधी, १९८६ साली देशातल्या पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी गुजरातेतलं ओखा आणि तमिळनाडूतलं तिरुनेलवेली यांच्याबरोबर आपल्या रत्नागिरीची निवड झाली होती. वारा आपल्या दारचाच होता. प्रश्न होता तो घरात आणण्याचा.

कामाला कोल्हापूरसारखं गाव नाही. जीपच्या चाकाचा जुना हब बेअरिंगसकट भंगारात मिळाला. उद्यमनगरात लोखंडी तबकड्या कापून झाल्या. चुंबक मुंबईहून आले. सुतारानं एकेक मीटर लांबीची तीन पाती तासून दिली. तारेची वेटोळी गुंडाळायला आम्ही मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. तांब्याची नऊ वेटोळी, त्यांच्या दोन्ही बाजूंना चुंबक लावलेल्या तबकड्या फिरणार, अशी रचना.

पहिल्यांदा हातानं तबकडी फिरवली आणि मीटर लावला. भाच्यानं जोर लावला तसा काटा वर गेला. दहा, पंधरा, वीस व्होल्ट! त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. मिस्त्रींनी काही न बोलता गाडीचा एक दिवा त्या तारांना जोडला. काटा झपकन खाली आला आणि तबकडी फिरवता फिरवता भाच्याला घाम फुटला. मिस्त्री मला म्हणाले, "शायर, मोकळ्या तारंचं व्होल्टेज म्हंजे तालमीबाहेरच्या पैलवानाचं दंड. लाल मातीत उतरल्यावर काय ऱ्हातंय त्ये बघायचं."

हे वाक्य मला सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेलं.

राधानगरी धरणाचं उदाहरण घेऊ. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं ते धरण आपल्या सर्वांच्या परिचयाचं. धरणात पाणी किती उंचीवर आहे, ते म्हणजे व्होल्टेज. नळातून किती पाणी वाहतं, तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की मिळते शक्ती, म्हणजे वॅट. दार बंद असताना पाण्याची उंची भरपूर असते, पण काम काहीच होत नाही. मीटरवरचे नुसते व्होल्ट म्हणजे ते बंद दार.

आता बॅटरी जोडू. चक्कीतून येणारी वीज उलटसुलट वाहणारी असते, बॅटरीला एकाच दिशेची लागते. म्हणून मध्ये डायोड लागतात. डायोड म्हणजे विहिरीच्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हसारखा, एकाच बाजूला वाट देणारा. वाटेत दोन डायोड येतात आणि प्रत्येक जण साधारण ०.७ व्होल्टचा टोल घेतो. म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी जर १२.५ वर उभी असेल, तर चक्कीनं सुमारे १४ व्होल्ट गाठेपर्यंत तिच्यात वीज जाणारच नाही. समजा, मिनिटाला १०० फेऱ्यांना ७ व्होल्ट मिळतात. तर २०० फेऱ्या होईपर्यंत पाती गरगर फिरताना दिसतील, पण बॅटरी उपाशी राहील.

आणि २०० च्या पुढं गेल्यावर? आपल्याला वाटतं, व्होल्ट वाढत जातील. तसं होत नाही. बॅटरी दाबाला धरून ठेवते, तो फारसा वाढू देत नाही. वाऱ्याचा जास्तीचा जोर मग प्रवाहाच्या रूपानं आत शिरतो. म्हणून चालू चक्कीवर व्होल्टमीटर पाहून फार काही कळत नाही, अँमीटर पाहावा लागतो. 'किती व्होल्टची चक्की?' असं कुणी विचारलं की खरं उत्तर असतं, 'जशी बॅटरी, तशी चक्की.'

पुढचा प्रश्न तारेचा होता. वारा टेकाडावर, वस्ती खाली, मधलं अंतर तीस मीटर. जाऊन-येऊन साठ मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीत रोध साधारण ०.४४ ओहम. बारा व्होल्टवर १२० वॅट आणायचे तर १० अँपिअर वाहणार, म्हणजे ४.४ व्होल्ट, अर्थात ४४ वॅट, वाटेत तार तापवण्यातच जाणार. तेच चोवीस व्होल्टवर आणलं तर प्रवाह निम्मा आणि नुकसान एक चतुर्थांश, फक्त ११ वॅट. मिस्त्रींनी हिशेब ऐकला आणि वेटोळी सोडून पुन्हा गुंडाळली. वेढे दुप्पट, तार बारीक. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केले. मोठ्या ट्रक-बसमध्ये चोवीस व्होल्टच चालतात, त्यामुळे त्या दाबाचे दिवे कोल्हापुरात शोधावे लागले नाहीत.

आता वाऱ्याचा स्वभाव. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. आमच्या चक्कीचा व्यास दोन मीटर. ताशी १८ किलोमीटर वारा असेल, तर त्या वर्तुळातून सुमारे २३५ वॅट शक्ती वाहत असते. ती सगळी कधीच हाती येत नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० साली सिद्ध केलं, की कितीही उत्तम पाती असली तरी वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती काढता येत नाही. घरगुती चक्कीला पाव हिस्सा मिळाला तरी पुष्कळ, म्हणजे साठेक वॅट. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला की तेच साडेचारशेच्या पुढं जातात. आणि झुळूक असेल, ताशी दहा-अकरा किलोमीटर, तर जेमतेम १२. शहरातल्या गच्चीवर, घरांच्या आडोशाला, नशिबी झुळूकच असते. गच्चीवर पवनचक्क्या का दिसत नाहीत, याचं उत्तर हे आहे.

आमची गरज मात्र लहान होती. सात घरं, प्रत्येकी पाच वॅटचा एक एलईडी दिवा, रात्री पाच तास. दिवसाची गरज १७५ वॅट-तास. म्हणजे एका युनिटच्या पाचव्या भागाहूनही कमी. पावसाळ्यातल्या त्या वाऱ्याला हे सहज जमणारं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिवे लागले.

जुलैत एका रात्री वादळ आलं. चक्की आणि बॅटरी यांच्यामधला फ्यूज उडाला. चक्कीवरचा बॅटरीचा भार एकदम गेला. बैलाच्या मानेवरचं जू सुटल्यावर तो उधळावा तशी पाती उधळली आणि दाब धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. दिव्यांच्या तारा फ्यूजच्या चक्कीकडच्या बाजूला जोडलेल्या होत्या, त्यामुळे सातपैकी चार दिवे क्षणात जळाले. चक्की वाचली ती शेपटामुळे. वारा मर्यादेबाहेर गेला की पात्यांचं तोंड वाऱ्यापासून वळवणारं बिजागरीचं शेपूट तिला होतं. जोर जरा ओसरल्यावर भाच्यानं तिन्ही तारा एकमेकींना जोडणारा खटका दाबला. त्यानं चक्कीला विजेचाच ब्रेक लागतो. पाती हळू झाली.

त्यानंतर मांडणी बदलली. दिव्यांची तार थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज लावून. आणि बॅटरी भरली, म्हणजे दाब २८.८ व्होल्टला पोहोचला, की चक्की तोडायची नाही, तर जास्तीची वीज तापणाऱ्या तारेत जिरवायची. याला डंप लोड म्हणतात. सौरपट्टी भार काढून घेतला तरी गप्प पडून राहते. पवनचक्कीला मोकळं सोडून चालत नाही.

घरी पवनचक्की करणारे आम्ही काही पहिले नव्हतो. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकानं मेरीकर्क गावच्या आपल्या घरी कापडी शिडांची चक्की उभारली, बॅटऱ्या भरल्या आणि घर उजळलं. उरलेली वीज गावाच्या रस्त्यावर देऊ केली, तर गावकऱ्यांनी हे सैतानाचं काम म्हणून ती नाकारली. आफ्रिकेतल्या मलावीत २००१-०२ च्या दुष्काळात फीअभावी शाळा सुटलेल्या विल्यम कामक्वाम्बा या मुलानं वाचनालयातलं पुस्तक पाहून सायकलचा डायनामो आणि ट्रॅक्टरचा पंखा यांची चक्की केली. मला त्याचं जास्त कौतुक वाटतं ते यासाठी, की धोका ओळखून त्यानं खिळे, तार आणि चुंबक यांपासून स्वतःचा सर्किट ब्रेकरही बनवला. चक्की फिरवणं सोपं असतं, तिला आवरणं हे खरं शिक्षण.

आमची चक्की चार पावसाळे चालली. ऑक्टोबरात वारा पडायचा, तेव्हा सौरपट्टी कामाला यायची. एकाची सुट्टी, दुसऱ्याची पाळी. पुढं वाड्यावर विजेची तार आली आणि चक्की उतरवली. तिच्यासाठी कुणी रडलं नाही, रडू नयेच. पण त्या चार पावसाळ्यांत वाड्यावरची तीन पोरं मीटर लावायला, फ्यूज बदलायला आणि बॅटरीचं पाणी बघायला शिकली. तार आली तेव्हा घरात वायरिंग कुठून न्यायचं, हे त्या पोरांनी वायरमनला सांगितलं.

ज्यांना असा खटाटोप करायचा असेल त्यांना एवढंच सांगतो. आधी गरज मोजा. मग जागेवरचा वारा वर्षभर पाहा. मग तारेचं अंतर मोजून व्होल्टेज ठरवा. पाती सर्वांत शेवटी. आपण बहुतेक जण पात्यांपासून सुरुवात करतो, कारण ती फिरताना दिसतात. आणि आमच्या चक्कीतून इतके इतके व्होल्ट निघतात असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर त्यांना प्रेमानं एकच प्रश्न विचारा: कशाला जोडून?