ओवीतला रोहिणीचा पाऊस

जात्यावरची ओवी म्हटलं की सासर-माहेर आणि पंढरीचा विठुराया आधी आठवतात. मला आज तिच्यातला पाऊस सांगायचाय.

महाराष्ट्रभर गायली जाणारी एक ओवी आहे. तीत रोहिणी नक्षत्र थोरली बहीण आणि मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, तिच्या पाठचा भाऊ. लेकीच्या बाजूनं बोलणारी ओवी म्हणून सगळे तिचं कौतुक करतात. पण ती शेतकऱ्याच्या कानानं ऐका. रोहिणी लागते २५ मेच्या सुमारास, मिरग निघतो ७ जूनला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, भुदरगड भागात भाताची धूळवाफ पेरणी रोहिणीतच होते. कोरड्या मातीत बी टाकायचं आणि आभाळाकडं बघायचं. रोहिणीच्या सरींनी बी रुजतं, मिरगाच्या पावसावर रोप वाढतं. म्हणजे बहीण-भावाचं गाणं म्हणता म्हणता दळणाऱ्या बाईनं पेरणीचा क्रमच सांगून ठेवलाय. माझं आजोळ भुदरगडातलं. तिथं हा क्रम पोरासोरांनाही पाठ असायचा. पण २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात शिरला. रान चिखलात, मग धूळवाफ करायची कशी?

अशा ओव्या टिकल्या, त्यात त्या गोळा करणाऱ्यांचे उपकार मोठे. साने गुरुजी, सरोजिनी बाबर. पुढं १९८०च्या दशकापासून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ. या दोघांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत.

जात्यात जे पडायचं, ते ओवीतही यायचं: जोंधळा, नाचणी. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. धरणाचं पाणी आलं, साखर कारखाने आले, रानं उसाची झाली. ऊस काही जात्यावर दळत नाहीत. शिवार सगळ्यात जास्त पालटलं तेव्हाच जाती गप्प झाली, याची मला फार रुखरुख वाटते. २००५, २०१९, २०२१ हे महापूर तर जाती गप्प झाल्यानंतरचे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ला पाणी ५५ फुटांवर गेलं. हा आकडा सरकारी वहीत आहे. पुरात सापडलेल्या शिरोळच्या बाईनं त्या पाण्याला काय म्हटलं, ते कुठल्या वहीत आहे?

शेवटी एवढं ऐका. घरात ओव्या येणारी आजी असेल, तर मोबाईलवर तिचा आवाज घ्या. कुठलं पीक, कुठलं नक्षत्र, कुठला ओढा, तेही विचारून घ्या. त्या आवाजासोबत गावाचं नाव सांगायला मात्र विसरू नका.