कंपायलर मुक्त, आज्ञावली कोणाची?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर जीएनयू प्रकल्पातर्फे सर्वांना खुला केला. त्यावर घडवलेले सॉफ्टवेअरही खुलेच ठेवावे लागते, हा समज चुकीचा आहे. कंपायलर आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. तिचे स्वामित्व त्याने बदलत नाही. मेख निराळीच आहे. रूपांतराच्या वेळी जीसीसीच्या लायब्ररीतील काही भाग तयार आज्ञावलीत मिसळतो, आणि त्याला जीपीएल परवाना लागू असतो. म्हणूनच परवान्यात खास अपवाद ठेवला आहे. २००९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. मात्र कंपायलरमध्येच बदल करून तो वितरित केला, तर त्याची मूळ संहिताही द्यावी लागते. नेक्स्ट कंपनीला ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी जीसीसीत घातलेली भर, मनात नसताना, अशीच खुली करावी लागली.